इटालियन भुतांचे सिनेमे बघायचेत? मग गोष्ट सोडा, घर बघा

"सस्पिरिया बघितला पण काही कळलंच नाही, एवढं काय आहे त्यात?" या गाजलेल्या इटालियन हॉरर सिनेमाबद्दल हे मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की म्हटलं एकदा नीट बसून लिहूनच काढू. पहिल्यांदा माझंही तेच झालं होतं. होस्टेलमध्ये, लॅपटॉपवर, कुणीतरी पेनड्राइव्हवर दिलेली धुरकट कॉपी, लाल रंग सगळा चॉकलेटी झालेला, बाजूला तिघीजणी बडबडतायत, चाळीस मिनिटांत बंद केला आणि विसरून गेले. मग चार-पाच वर्षांनी पावसाळ्यात एका रात्री घरी एकटी होते, चांगली कॉपी मिळाली होती, हेडफोन लावले, लाइट बंद केले आणि पहिल्या दहा मिनिटांतच कळलं की मी तेव्हा हा सिनेमा बघितलाच नव्हता. तेव्हापासून हे सिनेमे माझ्या फार जवळचे आहेत आणि कुणी नवीन माणूस चुकीच्या दाराने आत शिरून कंटाळून परत गेला की मला खरंच वाईट वाटतं, म्हणून हा लेख. हॉरर आवडतो पण इटालियन हॉररच्या वाटेला कधी गेला नाहीत, किंवा एकदा जाऊन परत फिरलात, तुमच्यासाठी आहे. क्रमाने वाचा आणि जमलं तर क्रमानेच बघा.

आधी डोक्यातून एक सवय काढून टाका

आपल्याला सवय असते की भुताला कारण पाहिजे. कोण मेलं, का मेलं, कुणाचा सूड आहे, आणि शेवटी कशाने शांत होणार. भुताची गोष्ट अशीच बांधलेली असते आणि ती मजा वेगळी, मला ती पण आवडते. पण इथे तो हिशोब लावत बसलात तर हाती काही लागणार नाही. पात्रं विचित्र वागतात, एखादा सीन सुरू होतो आणि तसाच सुटून जातो, कोण कुणाला का मारतंय ते धड कळत नाही.

आपल्याकडे म्हातारी माणसं एखाद्या वाड्याबद्दल किंवा विहिरीबद्दल काय म्हणतात? "ती जागा चांगली नाही." बस. कारण सांगत नाहीत, नाव घेत नाहीत, फक्त जागा चांगली नाही, तिन्हीसांजेला तिकडे फिरकू नका. इटालियन हॉररची किल्ली मला याच वाक्यात सापडली. या सिनेमांत वाईट जे काही आहे ते माणसाच्या अंगात कमी आणि भिंतींत, जिन्यांत, तळघरात जास्त असतं, आणि दिग्दर्शकाची सगळी ताकद त्या जागेला जिवंत करण्यात खर्च झालेली असते. रंग, सावली, आवाज ही त्या जागेची बोली. त्यामुळे बघताना "आता पुढे काय होणार" असं विचारण्यापेक्षा "ही खोली मला काय करतेय" असं विचारा, अर्धं काम तिथेच होतं.

कुठले सिनेमे यात येतात आणि कुठले नाहीत

लोक इथे फार गोंधळ करतात. इटालियन हॉरर म्हटलं की "जाल्लो" हा शब्द कानावर येतो. जाल्लो म्हणजे इटालियनमध्ये पिवळा. १९२९ पासून मोंदादोरी या प्रकाशनाने पिवळ्या कव्हरमध्ये गुन्हेकथा काढायला सुरुवात केली आणि मग इटलीत रहस्यकथेलाच पिवळी म्हणायला लागले. सिनेमातला जाल्लो म्हणजे काळे हातमोजे घातलेला खुनी, वस्तरा, आणि शेवटी कळतं की खुनी अमुक होता. म्हणजे माणूसच. त्यात भूत नसतं. आपण ज्याबद्दल बोलतोय तो त्याच घरातला पण वेगळा प्रकार आहे: चेटकिणी, शाप, नरकाचे दरवाजे, मेलेली माणसं परत येणं. दिग्दर्शक बरेचदा तेच असतात, त्यामुळे यादी बनवताना घोळ होतो. सुरुवातीला दोन्ही मिसळू नका, जाल्लो नंतर बघा.

थोडा इतिहास, फार नाही. फॅसिस्ट राजवटीत सेन्सॉरला हॉरर अजिबात चालायचा नाही, त्यामुळे इटलीत बोलपट आल्यावरसुद्धा कितीतरी वर्षं भुताखेताचा सिनेमा बनलाच नाही. सुरुवात झाली १९५७ मध्ये, 'ई वाम्पिरी'ने. दिग्दर्शक रिकार्दो फ्रेदा, पण तो मध्येच सोडून गेला आणि उरलेलं काम कॅमेरामनने पूर्ण केलं. त्या कॅमेरामनचं नाव मारिओ बावा. हे नाव लिहून ठेवा कारण पुढचं जवळपास सगळं याच माणसातून निघालंय.

बघायच्या आधीची तयारी

हा भाग टाळू नका. इतर सिनेमांना चालून जातं, यांना नाही.

खोली पूर्ण अंधारी करा. टीव्हीवर बघत असाल तर सेटिंगमध्ये जाऊन हालचाल गुळगुळीत करणारा जो पर्याय असतो तो बंद करा, आणि "व्हिव्हिड" मोड असेल तर तोही काढा. रंग आधीच इतके भरलेले आहेत की वरून अजून भडक केले की लाल रंगात चेहऱ्याचे तपशीलच बुडून जातात. मोबाईलवर तर अजिबात बघू नका, फ्रेमच्या कोपऱ्यात जे ठेवलेलं असतं ते दिसत नाही आणि तिथेच सगळी गंमत असते.

आवाज हेडफोनवर किंवा बऱ्या स्पीकरवर.

कॉपी कुठली हे फार महत्त्वाचं. हे सिनेमे परदेशात रिलीज होताना कापले गेले, संगीत बदललं गेलं, नावं बदलली गेली. एकाच सिनेमाची चार नावं सापडतील. सस्पिरियाची न कापलेली कॉपी साधारण ९८-९९ मिनिटांची आहे, अमेरिकेत जी दाखवली ती त्याहून लहान होती. त्याचं ४के रिस्टोरेशन, म्हणजे नव्याने साफ केलेली कॉपी, २०१७ मध्ये आलं, शक्यतो तेच बघा, जुन्या कॉप्यांत रंगांची पार वाट लागलेली आहे.

आता भाषेचा प्रश्न, जो सगळे विचारतात: इंग्लिश बघू की इटालियन? पहिल्यांदा बघताना ओठ आणि आवाज जुळत नाही म्हणून लोक वैतागतात, त्यांना वाटतं हे डबिंग आहे, ओरिजिनल शोधायला पाहिजे. पण ओरिजिनल असं नसतंच. त्या काळी इटलीत सेटवरचा आवाज सिनेमात सहसा वापरायचेच नाहीत, एकाच सीनमध्ये एक नटी इंग्लिशमध्ये बोलतेय, समोरची इटालियनमध्ये, तिसरा जर्मन, आणि नंतर स्टुडिओत बसून सगळ्यांचे आवाज भरायचे. म्हणजे इंग्लिश पण डब आणि इटालियन पण डब. माझा नियम सोपा आहे, मुख्य नट ज्या भाषेत ओठ हलवतायत ती भाषा घ्या. सस्पिरिया इंग्लिशमध्ये, बावाचे जुने सिनेमे शक्यतो इटालियनमध्ये. आणि तो तुटलेपणा थोडा सोसा, अर्ध्या तासात कान सरावतो आणि मग लक्षात येतं की आवाज माणसापासून किंचित सुटलेला असणं हे सुद्धा स्वप्नासारखंच वाटतं.

एक सूचना मनापासून. यात रक्त आहे, काही ठिकाणी भरपूर. बायकांवरची हिंसा लांबवून, सजवून दाखवलीय आणि ते मला आजही टोचतं, आवडत्या सिनेमातसुद्धा टोचतं. लहान मुलांना घेऊन बसू नका. डोळ्यांना इजा होताना बघवत नसेल तर फुल्ची नावाचा दिग्दर्शक शेवटी ठेवा किंवा सोडूनच द्या, काही बिघडत नाही.

पहिली रात्र: एक थेंब पाणी

थेट सस्पिरियावर उडी मारू नका. १९६३ चा मारिओ बावाचा 'ब्लॅक सॅबाथ' घ्या. इटालियन नाव 'ई त्रे व्होल्ती देल्ला पाउरा', म्हणजे भीतीचे तीन चेहरे. (हो, ब्लॅक सॅबाथ नावाच्या इंग्लिश बँडने नाव इथूनच घेतलं.) तीन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यातली 'पाण्याचा थेंब' एवढीच पहिल्या रात्री बघा, अर्ध्या तासाच्या आत संपते. इटालियन कॉपीत ती शेवटी येते. अमेरिकन कॉपीत क्रम बदललाय, संगीत बदललंय आणि टेलिफोनवाल्या गोष्टीत तर नसलेलं भूत घुसवलंय, त्यामुळे इटालियनच घ्या. फक्त यात काम केलेल्या बोरिस कार्लोफ या नटाचा स्वतःचा आवाज तुम्हाला इंग्लिश कॉपीतच मिळेल एवढं एक नुकसान.

गोष्ट दोन ओळींची आहे. एका नर्सला रात्री बोलावणं येतं, मेलेल्या बाईला कपडे घालायचेत. ती बाई प्लँचेट करणारी, त्या समाधीतच गेलेली. नर्स तिच्या बोटातली अंगठी काढून घेते. घरी येते. बस एवढंच.

आता बावा काय करतो ते बघा. अंगठी काढताना ती हातातून निसटून खाली पडते, नर्स उचलायला वाकते तेव्हा बाजूचा पाण्याचा ग्लास कलंडतो आणि पाणी टप टप ट्रेमध्ये पडायला लागतं. एक माशी येऊन नेमकी अंगठी होती त्याच बोटावर बसते. नर्स घरी येते आणि तिथे पण माशी. मग नळ टपकतो. नळ बंद करते तर छत्रीतून थेंब पडतायत. तुम्ही हळूहळू तिच्याबरोबर कान देऊन थेंब मोजायला लागता. आणि खिडकीबाहेरून एक लाइट सारखा चमकतोय, हिरवा, मग जांभळा, मग हिरवा. एवढ्या जुन्या काळातल्या त्या खोलीबाहेर असा लाइट कुठून आला? कुठूनच नाही. बावाला पाहिजे होता म्हणून आहे. हा प्रश्न मनात आला की तिथेच थांबा आणि परत तो सीन बघा, कारण संपूर्ण इटालियन हॉरर या एका न पटणाऱ्या लाइटमध्ये आहे. प्रकाशाला दिवा लागत नाही, प्रकाश त्या जागेच्या मनातून येतो.

त्या मेलेल्या बाईचा चेहरा मेणाचा होता, बावाच्या वडिलांनी, एउजेनिओ बावांनी बनवलेला. ते मूळचे शिल्पकार. बघून झोप उडाली तर मला दोष देऊ नका, माझी तर दोन रात्री उडाली होती.

दुसरी आणि तिसरी रात्र: बावाचा हात ओळखायला शिका

मग 'ब्लॅक संडे', १९६०, ब्लॅक अँड व्हाइट. बावाचा दिग्दर्शक म्हणून आलेला पहिला सिनेमा, कॅमेरा पण त्याचाच. बार्बरा स्टील डबल रोलमध्ये, एक चेटकीण आणि एक तिच्याच वंशातली दोनशे वर्षांनंतरची मुलगी. सुरुवातीलाच आतून खिळे असलेला धातूचा मुखवटा तिच्या चेहऱ्यावर ठोकतात, ब्रिटनमध्ये हा सिनेमा १९६८ पर्यंत दाखवूच दिला नव्हता.

यात एक ट्रिक आहे जी त्याने 'ई वाम्पिरी'मध्ये पण वापरली होती आणि ती समजून घेतलीत तर बावा म्हणजे काय ते कळेल. बाईचा चेहरा कट न करता तुमच्यासमोर म्हातारा होत जातो. कसं? चेहऱ्यावर सुरकुत्या लाल रंगाने काढायच्या आणि समोर लाल फिल्टर ठेवायचा, मग लाल रेषा दिसतच नाहीत. हळूहळू फिल्टर हिरवा करत न्यायचा, की त्याच रेषा काळ्या होऊन वर येतात. फिल्म ब्लॅक अँड व्हाइट असल्यामुळे लाइटचा रंग बदललेला आपल्याला कळतच नाही. गणपतीच्या डेकोरेशनला बल्बवर जिलेटीनचा कागद लावतो ना, तो लाल कागद घरात असेल तर कागदावर लाल पेनाने रेघ मारा आणि त्यातून बघा, रेघ गायब होते. तेवढ्याच खर्चात या माणसाने चेटकीण केली. एका सिनेमात परग्रह दाखवायला त्याच्याकडे प्लास्टिकचे दोन दगड होते, बाकी सगळं धूर आणि आरशांवर केलं असं त्याने स्वतःच सांगितलंय. पैसे नसले की माणूस लाइटकडे जास्त प्रेमाने बघतो असं मला बावाकडे बघून नेहमी वाटतं.

तिसऱ्या रात्री 'किल, बेबी... किल!', १९६६. नावावर जाऊ नका, इंग्लिश नाव फार वाईट दिलंय. एक गाव, एक मेलेली लहान मुलगी, आणि तिचा पांढरा चेंडू. ती मुलगी प्रत्यक्षात एका मुलाने केलीय, कदाचित म्हणूनच तिच्या चालण्यात काहीतरी बसत नाही आणि नजर तिथेच अडकते. यातला एक सीन मी कितीदा बघितलाय सांगता येणार नाही: डॉक्टर एका माणसाच्या मागे धावतोय, एक खोली, दार, पुन्हा तीच खोली, दार, पुन्हा तीच, आणि पुढे धावणाऱ्याला शेवटी पकडतो तर... नाही सांगत. ट्रिक अगदी साधी आहे, दोन दारं आणि एडिटिंग. पण घराने माणसाला गिळलंय हे यापेक्षा स्वच्छ कुणी दाखवलेलं मला माहीत नाही. दोनच वर्षांनी फेलिनी या इटालियन दिग्दर्शकाने त्याच्या 'टोबी डॅमिट'मध्ये सैतान दाखवला तो कसा? चेंडू घेतलेल्या लहान मुलीसारखा.

चौथी रात्र: सस्पिरिया

आता तुम्ही तयार आहात. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

१९७७, दिग्दर्शक दारिओ आर्जेंतो. आधी फिल्म क्रिटिक होता, वडील निर्माते, आई फोटोग्राफर. कथा त्याने दारिया निकोलोदी या नटीबरोबर लिहिली, आणि तिच्याशिवाय हा सिनेमा झालाच नसता हे ठासून सांगायला पाहिजे कारण बरेचदा फक्त आर्जेंतोचंच नाव घेतलं जातं. ती सांगायची की तिच्या आजीच्या तरुणपणी एका कलाशाळेत काळी जादू चालायची, ती आठवण यात आहे. नाव आलंय इंग्रज लेखक थॉमस डी क्विन्सीच्या १८४५ च्या लिखाणातून, जिथे दुःखाच्या तीन स्त्रिया आहेत, उसाशांची, अश्रूंची आणि अंधाराची. सस्पिरिया म्हणजे उसासे.

गोष्ट: सूझी नावाची अमेरिकन मुलगी जर्मनीत फ्रायबुर्गला बॅले शिकायला येते आणि ती अकॅडमी चेटकिणींची असते. सांगून टाकलं, काही फरक पडत नाही.

पहिली पाच मिनिटं मात्र माझ्याबरोबर बघा. सूझी एअरपोर्टमधून बाहेर येतेय. आत शांत, नेहमीचा एअरपोर्टचा गलबला. समोरची आपोआप उघडणारी काचेची दारं उघडतात आणि त्या क्षणी बाहेरून गॉब्लिन या बँडचं संगीत आत येतं. दारं मिटतात, संगीत बंद. पुन्हा उघडतात, पुन्हा आत येतं. म्हणजे ते संगीत आपल्यासाठी मागे वाजत नाहीये, ते बाहेर आहे, त्या शहरात आहे, आणि सूझी त्याच्याकडे चालत जातेय. मध्येच कॅमेरा दाराच्या यंत्राच्या अगदी जवळ जातो, लोखंडी दांडा सुळकन सरकतो, आणि साधं दार एकदम हत्यार वाटायला लागतं. ती बाहेर येते, वारा, मुसळधार पाऊस, कुणी मदतीला नाही, टॅक्सीवाल्याला पत्ता कळत नाही, तिला परत परत सांगावा लागतो. मग टॅक्सीत तिच्या ओल्या चेहऱ्यावरून लाल, निळा, पिवळा प्रकाश सरकत जातो. पोचते तेव्हा अकॅडमीच्या दारातून एक मुलगी पळत बाहेर येते, पावसात मागे वळून काहीतरी ओरडते, सूझीला दोनच शब्द ऐकू येतात. आणि दार सूझीसाठी उघडत नाही. पाच-सहा मिनिटं झालीत, कुणी मेलेलं नाही, भूत दिसलेलं नाही, आणि छातीत धडधडतंय.

मग रंग. कॅमेरामन लुचानो तोव्होली. आर्जेंतोने त्याला रंगांसाठी नमुना म्हणून डिस्नेची 'स्नो व्हाइट' दाखवली होती. म्हणजे हा सिनेमा मोठ्यांच्या हॉररसारखा न दिसता लहान मुलांच्या परीकथेसारखा दिसायला हवा होता. तोव्होलीने लाइटसमोर मखमल आणि टिश्यू पेपर लावले आणि ते लाइट नट्यांच्या अगदी जवळ आणून ठेवले. प्रिंट काढल्या त्या टेक्निकलरच्या जुन्या पद्धतीने, जिच्यात चित्र तीन भागांत फोडून एकावर एक तीन शाईंचे ठसे उमटवतात, कापडावर छपाई करावी तसं, म्हणून तो लाल इतका ओला, दाट दिसतो. ही पद्धत वापरलेल्या इटलीतल्या शेवटच्या काही सिनेमांपैकी हा एक.

दारांच्या मुठींकडे नक्की लक्ष द्या. मूळ कल्पना होती की सगळ्या मुली बारा वर्षांच्या आतल्या असाव्यात. ते जमण्यासारखं नव्हतं, एवढी हिंसा आणि लहान मुली, म्हणून वयं वाढवली. पण दारांच्या मुठी वरच बसवल्या, जवळपास चेहऱ्याच्या उंचीवर. त्यामुळे वाढलेल्या मुली दार उघडताना हात वर करतात आणि नकळत लहान दिसायला लागतात. पहिल्यांदा बघताना हे लक्षात येत नाही, फक्त जाणवत राहतं की या घरात सगळे छोटे आहेत आणि घर मोठं आहे. माझ्यासाठी पूर्ण सिनेमातली सगळ्यात भीतीदायक गोष्ट ती मूठच आहे.

आणि संगीत. गॉब्लिन ही रोमची बँड, क्लाउदिओ सिमोनेती कीबोर्डवर. काही संगीत शूटिंगच्या आधीच तयार होतं आणि आर्जेंतो ते सेटवर मोठ्याने वाजवायचा, नट्या त्या आवाजातच काम करायच्या. हे करता आलं कारण सेटवरचा आवाज वापरायचाच नव्हता, वर डबिंगचं सांगितलं ना, त्याचा हा फायदा. मूग कंपनीचा सिंथेसायझर, बुझुकी हे ग्रीक तंतुवाद्य, आणि चक्क तबला. पहिल्यांदा मला कळलंच नाही की हे इतकं ओळखीचं का वाटतंय आणि ओळखीचं असून इतकं परकं का. घरात भजनाला, गाण्याच्या क्लासला जे वाद्य आपण ऐकत वाढलो ते इथे कुजबुजणाऱ्या आवाजाखाली वाजतंय. मराठी कानाला हा सिनेमा बाकीच्यांपेक्षा थोडा जास्त लागतो असं माझं ठाम मत आहे.

अकॅडमीची ती लाल इमारत खरी आहे बरं का, फ्रायबुर्गमधलं 'हाउस झुम वालफिश', १५१६ मधलं, इरॅस्मस हा विचारवंत तिथे राहिला होता. सिनेमासाठी तिचा दर्शनी भाग रोमच्या स्टुडिओत पुन्हा उभा केला.

एक जागा अशी आहे जिथे घर नाही. आंधळा पियानोवाला रात्री कुत्र्याला घेऊन म्युनिकच्या कोनिग्सप्लात्झ चौकातून चाललाय. चौक रिकामा, आजूबाजूला प्रचंड खांबांच्या इमारती. तो थांबतो. कुत्रा भुंकतो. काहीच दिसत नाही. याच चौकात नाझींच्या सभा व्हायच्या. सिनेमात त्याबद्दल एक शब्द नाही, जागा मात्र तीच निवडलीय. पुढे काय होतं ते तुम्ही बघाच.

शेवट तुम्हाला घाईत उरकल्यासारखा वाटेल. मलाही वाटतो. मी तो माफ केलाय.

पाचवी रात्र: इन्फर्नो, आणि इथे धीर धरा

१९८०. सस्पिरियाचा पुढचा भाग म्हणतात पण पात्रं वेगळी, शहर वेगळं. बऱ्याच जणांना आवडत नाही, मला मात्र कधीकधी सस्पिरियापेक्षा जास्त आवडतो, आणि "जागा चांगली नाही" ही गोष्ट यात सरळ शब्दांत येते. वारेल्ली नावाच्या आर्किटेक्टचं एक पुस्तक आहे, त्याने तीन मातांसाठी (त्याच दुःखाच्या तीन स्त्रिया, इथे त्या चेटकिणी आहेत) तीन घरं बांधली, फ्रायबुर्ग, रोम आणि न्यूयॉर्क. पुस्तक म्हणतं की त्या घरांखालची जमीन सडेल आणि परिसराला दुर्गंधी येईल, ती पहिली खूण. दुसरी खूण तळघरात. आणि तिसरी खूण तुमच्या तळपायाखाली. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खरंच पाय वर घेतले होते. आपल्याकडे म्हणतात वास्तू तथास्तु म्हणते, घरात वाईट बोलू नये, भिंती ऐकतात. इन्फर्नो बघताना ते सारखं आठवतं.

पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत एक सीन येतो, रोझ तळघरात उतरते, जमिनीत एक पाण्याने भरलेलं भोक असतं, तिच्या किल्ल्या त्यात पडतात आणि त्या काढायला ती आत उतरते. खाली एक अख्खा दिवाणखाना बुडालेला आहे. फर्निचर, झुंबर, भिंतीवर चित्र, सगळं पाण्याखाली. ती संथपणे पोहत फिरते. संवाद नाहीत. का उतरली असा प्रश्न विचारू नका, स्वप्नात आपण असंच उतरतो. या सिनेमाच्या इफेक्ट्सवर म्हाताऱ्या मारिओ बावाने काम केलं होतं, त्याच वर्षी तो गेला. संगीत कीथ एमर्सनचं, गॉब्लिनपेक्षा अगदी वेगळं, पियानो आणि कोरस.

पुढे: फुल्ची, आणि बाकीचे पटापट

लुचो फुल्चीचा 'द बियाँड', १९८१. अमेरिकेत लुइझियानातलं एक जुनं हॉटेल लिझा नावाच्या मुलीला वारशात मिळतं आणि ते नरकाच्या सात दरवाजांपैकी एकावर बांधलेलं असतं. इथे सौंदर्य आर्जेंतोसारखं चकचकीत नाही, कुजलेलं आहे, करडं, पिवळट. रक्तपात फार, कोळ्यांचा एक सीन आहे तो मी अजूनही डोळे झाकूनच काढते. पण लांबलचक रिकाम्या पुलावर गाडीसमोर एकदम एक आंधळी मुलगी कुत्र्याला घेऊन उभी आहे, ती फ्रेम आणि शेवटची पाच मिनिटं, त्यासाठी बाकीचं सोसायला मी तयार असते. जिना उतरला की तुम्ही भलत्याच ठिकाणी पोचता, तेही भूगोलाला न जुमानता. फाबिओ फ्रित्झीचं संगीत वेगळं काढून ऐका.

'डेमन्स', १९८५, दिग्दर्शक लाम्बेर्तो बावा म्हणजे मारिओचा मुलगा, निर्माता आर्जेंतो. बर्लिनच्या एका थिएटरमध्ये फुकट तिकिटं वाटतात, पडद्यावर जे चाललंय तेच प्रेक्षकांना व्हायला लागतं आणि दारं बंद. हा एकच सिनेमा मित्रमैत्रिणींबरोबर, आरडाओरडा करत बघा. त्यात धातूचा मुखवटा घालून तिकिटं वाटणारा माणूस म्हणजे मिकेले सोआव्ही, जो पुढे स्वतः दिग्दर्शक झाला. त्याचा 'द चर्च', १९८९, आणि मग 'देल्लामोर्ते देल्लामोरे', १९९४, रूपर्ट एव्हरेट स्मशानाचा रखवालदार आहे आणि पुरलेली माणसं सात दिवसांत परत उठतात. ही लाट ओसरताना आलेला हा सिनेमा, फार हळवा आहे, घाबरवतो कमी.

सुरुवातीला टाळा: २००७ चा 'ला तेर्झा माद्रे', जो तीन मातांमधला तिसरा. आधीच्या दोघांचे रंग त्यात उरलेच नाहीत. लुका ग्वादान्यिनोचा २०१८ चा सस्पिरिया चांगला सिनेमा आहे, पण त्याने मुद्दाम रंग काढून घेतलेत, त्यामुळे आधी तो बघितलात तर जुन्याबद्दल चुकीचा अंदाज बांधाल.

परत बघताना

हे सिनेमे दुसऱ्यांदा बघायचेच असतात. सस्पिरियासाठी मी एक करते ते तुम्हीही करून बघा, कुठलाही सीन आवाज पूर्ण बंद करून बघायचा, प्रत्येक वेळी लाइटचा रंग बदलला की थांबवायचं आणि खोलीत तो दिवा शोधायचा. मग तोच सीन डोळे मिटून फक्त ऐकायचा. एअरपोर्टच्या सीनपासून सुरुवात करा, दारं किती वेळा उघडतात ते आवाजावरूनच मोजा.